चिपची टंचाई आणि आगोटीची बेगमी

मे महिना सरत आला की महाड-पोलादपूरकडे घरोघरी आगोटीची धांदल सुरू होते. मिरची कुटून ठेवायची, मीठ बरणीत भरायचे, सुकी मासळी डब्यात बंद करायची, लाकूडफाटा पडवीला रचायचा. एकदा सावित्री फुगली, आंबेनळी घाटात दरड आली, म्हणजे चार-आठ दिवस बाजाराचे तोंड दिसेल याचा भरवसा नाही. ही अक्कल आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवलेली नाही. पावसाने शिकवली.

आज जी हकीकत सांगायची आहे ती जगातल्या मोठमोठ्या मोटार कारखान्यांची आहे. त्यांच्यापाशी पैसा होता, यंत्रे होती, हुशार माणसे होती. पण त्यांनी आगोट भरली नव्हती. त्याची झळ आपल्या घाटापर्यंत कशी येऊन पोहोचली, आणि त्यातून चार पैसे गाठीला बांधणाऱ्या माणसाने काय समजून घ्यावे, एवढाच आजचा विषय.

कोणती वस्तू संपली होती? चिप. आता चिप म्हणजे काय, हे आधी पाहू. बोटाच्या नखाएवढा, पुष्कळदा त्याहूनही लहान असा हा सिलिकॉनचा तुकडा. सिलिकॉन वाळूत भरपूर असते. ते अतिशय शुद्ध करून त्याचा जाड दांडा बनवतात आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तशा त्या दांड्याच्या पातळ चकत्या करतात. मोठी चकती बारा इंच व्यासाची, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाएवढी असते. त्या चकतीवर, फोटोची प्रत काढावी त्याप्रमाणे, प्रकाशाच्या साहाय्याने विजेच्या वाटांचे अतिसूक्ष्म नकाशे उमटवतात. असे थरावर थर चढवून झाले की चकती कापायची. एका चकतीतून शेकडो चिपा निघतात. प्रत्येक चिपवर लाखो, कधी कोट्यवधी बारीक कळा असतात. वीज जाऊ द्यायची की अडवायची, एवढेच एकेका कळेचे काम. पण या कळा मिळून हिशेब करतात, लक्षात ठेवतात, हुकूम देतात.

तुमच्या खिशातल्या फोनमध्ये चिप आहे, घरच्या वीजमीटरात आहे, बँकेच्या कार्डावर आहे. बिरवाडीकडच्या रासायनिक कारखान्यांत भट्टीची उष्णता आणि नळातला दाब सांभाळणारी जी यंत्रे आहेत, त्यांचाही मेंदू चिपचाच. आणि गाडीत तर ती ठिकठिकाणी आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात वाहनांच्या धुराचे नवे, कडक नियम लागू झाले. भारत स्टेज सहा म्हणतात ते हेच. तेव्हापासून मोटारसायकलीचा जुना कार्ब्युरेटर गेला आणि किती पेट्रोल सोडायचे ते चिप ठरवू लागली. ब्रेक दाबला असता चाक जाम होऊ नये, अपघातात हवेची पिशवी फुगावी, काच वरखाली व्हावी, हे सारे चिपच्याच जिवावर. आजच्या एका चांगल्या मोटारीत हजारावर चिपा असतात. त्यांतली एखादी काही रुपयांची, एखादी काहीशे रुपयांची. पण बैलगाडीच्या आसाची खीळ निघाली असता गाडी जशी जागची हलत नाही, तशी ती एक चिप नसेल तर दहा लाखांची मोटार कारखान्याच्या दाराबाहेर पडत नाही.

चिपच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे पुढचे सगळे उलगडेल.

पहिली गोष्ट काळाची. कोरी चकती कारखान्यात गेल्यापासून तयार चिप हाती पडेपर्यंत साधारण तीन-चार महिने लागतात. म्हणजे आपल्या हळव्या भाताएवढाच काळ. राब भाजला, पेरणी झाली, रोप उपटून लावणी झाली, मग कापणी. गिऱ्हाईक दारात उभे आहे म्हणून श्रावणात पेरलेले भात भाद्रपदात कापता येत नाही. चिपचेही तसेच. आणि नवे शेत काढायचे, म्हणजे नवा कारखाना उभारायचा, तर दोन-तीन वर्षे आणि हजारो कोटी रुपये हवेत.

दुसरी गोष्ट जागेची. गणपतीची मूर्ती म्हटली की आपण पेणचे नाव घेतो. गावोगावी माती आहे, पण तो हात, ते साचे, ती पिढ्यांची सवय पेणला एकवटली आहे. तशी चिप तैवानला एकवटली आहे. दुसऱ्यांच्या मागणीप्रमाणे चिपा बनवून देण्याचा जो धंदा जगात चालतो, त्यातले निम्म्याहून अधिक काम तैवानची टीएसएमसी ही एक कंपनी करते. अगदी नाजूक चिपांवर नकाशे उमटवणारी यंत्रे तर नेदरलँड्समधल्या एएसएमएल या एकाच कंपनीत बनतात. चिपा तपासून त्यांना वेष्टण घालण्याचे जगातले सुमारे तेरा टक्के काम मलेशियात होते. सोय मोठी, पण धोकाही मोठा. एका ठिकाणी दरड आली तर साऱ्या जगाची वाट बंद.

आता टंचाई कशी पडली ते पाहू. मार्च २०२० मध्ये करोनामुळे आपला देश बंद झाला. एप्रिल महिन्यात मारुती कंपनीची देशात एकही गाडी विकली गेली नाही. जगभर कमीअधिक हीच स्थिती होती. गाड्या खपत नाहीत तर चिपा कशाला, असे म्हणून मोटार कारखान्यांनी आपल्या मागण्या रद्द केल्या. त्याच वेळी लोक घरी बसून कामे करू लागले, मुले घरी बसून शिकू लागली, आणि संगणक व फोन यांना मागणी आली. चिपवाल्यांनी मोकळी झालेली यंत्रे त्यांच्याकडे वळवली. पुढे २०२० च्या अखेरीस मोटारींना पुन्हा गिऱ्हाईक आले. कारखानदार धावत गेले, तर रांगेत त्यांचा नंबर शेवटचा. आपण आपले रोप शेजाऱ्याला देऊन टाकावे आणि मागाहून पाऊस चांगला लागला म्हणून परत मागायला जावे, तशातली ही गत झाली.

त्यातच संकटांची रांग लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत टेक्सास प्रांतात बर्फाचे वादळ आले आणि वीज गेल्याने तेथील चिप कारखाने बंद पडले. मार्चमध्ये जपानात नाका येथे रेनेसास कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे मोटारींच्याच चिपा बनत होत्या. चिप धुवायला अतिशुद्ध पाणी अमाप लागते. नेमका त्याच वर्षी तैवानात पन्नासांहून अधिक वर्षांतला कडक दुष्काळ पडला. आणि पावसाळ्याच्या सुमारास मलेशियात करोनाची मोठी लाट आली.

आता आपल्याकडे वळू. २२ जुलै २०२१ हा दिवस महाड-पोलादपूरचा माणूस विसरणार नाही. सावित्री आणि गांधारी यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. गेलेल्या माणसांपुढे वस्तूंचा हिशेब मांडू नये. पण जे वाचले त्यांना पुढे जगायचे होते, आणि त्यांच्या दुकानांबरोबर, घरांबरोबर त्यांच्या गाड्याही पाण्यात गेल्या होत्या.

अशा एका वडापवाल्याची कल्पना करा. जीप महाडच्या गॅरेजात कामाला दिलेली, ती बुडाली. इंजिनात चिखल, तारांत पाणी. विम्याची खटपट करून, पतपेढीत हात जोडून तो नवी गाडी घ्यायला जातो.

“शेठ, गाडी कधी मिळेल?”

“दादा, बुकिंग घेतो. तारीख मात्र विचारू नका. वरूनच गाडी येत नाही.”

“अहो, पण अडलंय कशावर? इंजिन नाही, का टायर नाहीत?”

“दोन्ही आहे. चिप नाही.”

आमच्या या दादाला हे खरे वाटावे कसे? त्याला वाटणार, शेठ काहीतरी लपवतोय. पण त्यात शेठची लबाडी नव्हती. त्याच सप्टेंबर महिन्यात महिंद्र कंपनीने जाहीर केले की मोटारींचे उत्पादन वीस ते पंचवीस टक्क्यांनी घटेल आणि साधारण सात दिवस उत्पादन बंद राहील. मारुतीने सांगितले की महिन्याचे उत्पादन नेहमीच्या चाळीस टक्क्यांवर येईल. १० सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. त्या मुहूर्तावर जिओ कंपनीचा स्वस्त फोन बाजारात यायचा होता. तोही चिपच्या टंचाईपायी दिवाळीवर गेला. वाडीवरच्या ज्या मुलाची शाळा त्या वर्षी फोनवर भरत होती, त्याला दोन महिने म्हणजे अर्धे सत्र, हे शिक्षकमंडळींना निराळे सांगायला नको. आणि जीप दारात नाही म्हणजे एका घराचाच हप्ता थकतो असे नाही. वरच्या वाडीवरून दवाखान्यात न्यायच्या बाळंतिणीची सोय जाते, आणि बाजाराच्या दिवशी खाली येणारी भाजीची पाटी डोक्यावर येते. तैवानच्या दुष्काळाचा आणि पोलादपूरच्या भाजीच्या पाटीचा संबंध आहे तो असा.

याच वेळी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. महिंद्रच्या त्याच घोषणेत ट्रॅक्टरच्या उत्पादनाला धक्का नाही, असेही म्हटले होते. कारण ट्रॅक्टरमध्ये त्या वेळी इलेक्ट्रॉनिक भाग तुलनेने कमी होते. जो चिपवर जितका विसंबलेला, तो तितका अडला.

उद्योगांना याचा फटका सारखा बसला नाही, हेही समजून घेण्यासारखे आहे. जुलै ते सप्टेंबर २०२१ या तीन महिन्यांत मारुतीला सुमारे १ लाख १६ हजार गाड्या बनवता आल्या नाहीत, आणि तिचा नफा मागील वर्षाच्या मानाने ६५ टक्क्यांनी घसरून ४७५ कोटींवर आला. दोन लाखांवर गिऱ्हाइके बुकिंग करून वाट पाहत होती. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या महिंद्रच्या एक्सयूव्ही ७०० या मोटारीचे बुकिंग ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले, तेव्हा पहिल्या २५ हजार मोटारी ५७ मिनिटांत नोंदल्या गेल्या. मागणी अशी आणि माल मात्र महिनोन् महिने नाही. अॅलिक्सपार्टनर्स या सल्लागार संस्थेने त्या वर्षी अंदाज केला की जगात सुमारे ७७ लाख मोटारी कमी बनतील आणि कंपन्यांचे २१० अब्ज डॉलरचे उत्पन्न बुडेल.

मोठ्या कंपनीला यातून वाट काढता येते. हातात चिपा थोड्या असतील तर त्या महाग मोटारीत घालाव्या, सवलती बंद कराव्या, म्हणजे मोटारी कमी खपल्या तरी दर मोटारीमागे नफा बरा सुटतो. जगात पुष्कळांनी तेच केले. पण पिंपरी-चिंचवड, भोसरीकडच्या छोट्या कारखानदाराचे काय? तो एखादी पट्टी किंवा नळी बनवतो. तिच्यात चिप नाही. तरीही मोठ्याचे उत्पादन थांबले की त्याची ऑर्डर थांबते. बँकेचे व्याज मात्र थांबत नाही. त्याच्याकडे कंत्राटावर काम करणाऱ्या पोरांत आपल्या महाड-पोलादपूरचीही पोरे असतात. चिपचा अर्थ त्यांना “उद्या येऊ नका” या तीन शब्दांत कळला.

आता कोणी विचारील, कारखान्यांनी चिपा आधीच भरून का ठेवल्या नाहीत? त्याला कारण आहे. लागेल तेवढाच माल, लागेल तेव्हाच आणायचा, म्हणजे गोदामात पैसा अडकत नाही, ही पद्धत जपानच्या टोयोटा कंपनीने रूढ केली आणि जगाने उचलली. सुगीच्या दिवसांत ती फार छान चालते. गंमत अशी की २०११ च्या भूकंपानंतर खुद्द टोयोटाने आपला नियम चिपपुरता बदलला होता. पुरवठा करणाऱ्यांनी काही महिन्यांच्या चिपा शिलकीत ठेवाव्यात, असे तिने ठरवले. त्यामुळे इतर अडले तेव्हा ती बराच काळ तरली. तिने आगोट भरली होती. अर्थात पावसाळा फारच लांबला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तिलाही उत्पादनात सुमारे चाळीस टक्के कपात करावी लागली. बेगमीने संकट टळत नाही, पण सावरायला वेळ मिळतो.

आता शेअर घेणाऱ्यांविषयी. पूर्वी हा मुंबईचा विषय होता. आज फोनवरून महाडचा दुकानदार शेअर घेतो आणि पोलादपूरचे गुरुजी म्युच्युअल फंडात दरमहा पैसे टाकतात. म्हणून हे घरचेच प्रकरण समजा.

टंचाई आली की साध्या माणसाच्या मनात दोन विचार येतात. ज्याला माल मिळत नाही त्याचा शेअर विकून टाकावा आणि ज्याचा माल दुर्मिळ झाला त्याचा घ्यावा. ऐकायला सरळ वाटते, पण बाजार इतका सरळ नसतो. टाटा मोटर्सचेच पाहा. ६ जुलै २०२१ रोजी कंपनीने कळवले की चिपच्या टंचाईमुळे तिच्या विलायतेतल्या जग्वार लँड रोव्हर मोटारींची विक्री बरीच घटणार. शेअर त्या दिवशी जोरात कोसळला. अनेकांनी घाबरून विकला असणार. पुढे ऑक्टोबरमध्ये टीपीजी या गुंतवणूक संस्थेने विजेच्या मोटारींच्या कामात ७,५०० कोटी रुपये घालण्याचे ठरवले आणि १३ ऑक्टोबरला तोच शेअर एका दिवसात वीस टक्क्यांहून अधिक चढला. चिपची टंचाई तेव्हा संपली होती काय? मुळीच नाही. भाव बदलला तो निराळ्याच कारणाने.

दुसरी बाजू चिप बनवणाऱ्यांची. २०२१ मध्ये त्यांची चंगळ झाली. पण टंचाईत माणूस काय करतो? दहा किलो हवे असेल तर वीस किलोची मागणी नोंदवतो. एका दुकानात मिळेना तर तिघांकडे नाव घालतो. कारखान्यांनीही तेच केले. मग फोन आणि संगणक यांची मागणी ओसरली आणि गोदामे भरलेली राहिली. २०२२ साली चिप कंपन्यांच्या शेअरांचा अमेरिकेतला प्रमुख निर्देशांक एक तृतीयांशाहून अधिक घसरला. २०२३ मध्ये सॅमसंगसारख्या बलाढ्य कंपनीच्या चिप विभागाला प्रचंड तोटा झाला. टंचाईच्या शिखरावर ज्यांनी शेअर घेतले, ते भरल्या पावसात चढ्या भावाने मीठ घेणाऱ्यासारखे फसले. आगोट पावसाआधी भरायची असते. पावसात धावपळ करून जे भरतो ती बेगमी नव्हे, ती घबराट.

तिसरी गोष्ट याहून सावधगिरीची. मुंबई शेअर बाजारात आर. आर. पी. सेमीकंडक्टर नावाची एक कंपनी आहे. एप्रिल २०२४ मध्ये वीस रुपयांच्या आसपास असलेला तिचा शेअर वीस महिन्यांत दहा हजारांच्या वर गेला. कंपनीत पूर्णवेळ नोकर अवघे दोन. आपण अजून चिपचे कोणतेही उत्पादन सुरू केलेले नाही, असे कंपनीनेच बाजाराला कळवले. शेवटी बाजाराने तिच्या शेअरचे व्यवहार आठवड्यातून एकदाच करू दिले. म्हणजे नावात चिप आहे एवढ्यावर लोकांनी धाव घेतली. विहिरीवर पाटी आहे म्हणून विहिरीत पाणी असेलच असे नाही. आधी पोहरा टाकून पाहावा.

सरकारी पातळीवर आपल्या देशाने या टंचाईतून धडा घेतला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने चिप उद्योगासाठी ७६ हजार कोटींची योजना मंजूर केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातेत धोलेरा येथे टाटांच्या ९१ हजार कोटींच्या कारखान्याला मंजुरी मिळाली. आपल्या रायगड जिल्ह्यातही तळोजा येथे अदानी आणि टॉवर यांच्या ८३,९४७ कोटींच्या प्रकल्पाला राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये संमती दिली होती. पण २०२५ साली त्याची बोलणी थांबल्याचे वृत्त आले. मंजुरी म्हणजे राब भाजणे. पीक अजून दूर असते.

आणि हे प्रकरण एकदाच घडले असेही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेक्सपेरिया या कंपनीवरून नेदरलँड्स आणि चीन यांच्यात वाद झाला, आणि साध्या, स्वस्त चिपांवाचून पुन्हा परदेशांतले मोटार कारखाने अडखळले. त्याच वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य संगणक केंद्रांनी मेमरी चिपा ओढून घेतल्या आणि त्यांचे भाव चढले. पाऊस दरवर्षी येतो. तशा टंचाया येत राहणार.

मग आपण काय करावे? ज्याचे पोट गाडीवर आहे त्याने विमा संपू देऊ नये, जुनी गाडी विकण्याची घाई करू नये, आणि गाडी लवकर मिळवून देतो म्हणून कोणी वरचे पैसे मागितले तर पावतीखेरीज एक रुपया देऊ नये. जो शेअर घेतो त्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ही कंपनी आज प्रत्यक्ष काय बनवते? भाव निम्मा झाला तरी मी थांबू शकेन काय? आणि हा पैसा पुढच्या पावसाळ्याआधी घरात लागणार तर नाही ना? तिसऱ्याचे उत्तर “लागेल” असे असेल, तर तो पैसा पोस्टात किंवा बँकेतच बरा.

शिक्षकमंडळींना एक सुचवावेसे वाटते. वर्गातल्या मुलांना सांगा, घरी जाऊन चिप असलेल्या वस्तू मोजून या. मग फळ्यावर तैवान, मलेशिया, जपान, चाकण आणि आपले गाव अशी ठिकाणे मांडून एक रेघ ओढा, आणि त्यातले एक नाव पुसा. पुढे काय काय अडेल, ते मुलांनाच सांगू द्या. भूगोल आणि अर्थशास्त्र हे दोन विषय वेगळे नाहीत, हे त्यांना त्या दिवशी कळेल.

आपल्या आजीने पडवीला लाकडे रचताना जगाचा व्यापार पाहिला नव्हता. पण वाट बंद होते, हे तिला ठाऊक होते. कारखान्यांना ते कळायला दोन वर्षे आणि लाखो मोटारी लागल्या. आपण तरी ते विसरू नये.